चालायची मशीन आणि चिकाचा गंज

नवतपा लागला. आमच्या नागपुरात हे कळायला पंचांग लागत नाही. पहाटे नळ सोडला की पाणी चांगलं कढत येतं, आणि ते असंच वाहू द्यायला जीव होत नाही म्हणून पहिली बादली कूलरच्या टाकीत ओतायची. गच्चीच्या कठड्याला हात लावायचा तो ऊन चढायच्या आधी, नंतर नाही. दुपट्टा तोंडाला गुंडाळून गाडीवर निघालेल्या पोरी सगळ्या एकसारख्या दिसतात. माझी सून समोरून हात हलवून गेली तरी मी कोण बाई असेल म्हणून पाहत राहते. आणि कूलरच्या नव्या ताट्यांचा तो ओला, गवताळ वास. रोहिणी लागल्यानंतरचे हे नऊ दिवस म्हणजे सगळ्यांनी घरात दडी मारायचे दिवस. मला मात्र मागच्या वर्षापासून उलटंच व्हायला लागलं आहे. नवतपा आला की माझ्या अंगात हुरूप येतो, लग्नघरातल्यासारखं इकडून तिकडे फिरावंसं वाटतं. काहून, ते सांगते.

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक निवळत ठेवला आहे. गहू भिजले, वाटले, गाळले, वरचं पाणी काढून झालं. उद्या पहाटे तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कुरोड्या घालायच्या. बाकीच्या बायांच्या कुरोड्या कधीच्या डब्यात गेल्या. आमच्या मुद्दाम नवतपात असतात, सकाळी घातल्या की संध्याकाळी खडखडीत. पण मी जे फिरून राहिली आहे ते कुरोड्यांसाठी नाही. आज दुपारी विहीणबाईंचा फोन आला होता.

“उद्या गाडी पाठवू नका बरं. मी येते माझी माझी.”

“एकट्या? पायी?”

“मग काय बँड लावून येऊ?”

फोन ठेवला आणि मी पातेल्याचं झाकण उघडून पाहिलं. पुन्हा झाकलं. पुन्हा उघडलं. चिकाला काही झालेलं नव्हतं, मलाच काहीतरी झालं होतं.

सुमनताई म्हणजे माझ्या सुनेची, रश्मीची आई. मी त्यांना विहीणबाई म्हणते, त्या मला विहीणबाई म्हणतात. आधी त्या सक्करदऱ्याला राहायच्या, तलावाजवळ. यजमान गेले, मोठं घर एकटीला खायला उठलं, तेव्हा रश्मीनं त्यांना आमच्या प्रताप नगरात दोन खोल्यांचं घर पाहून दिलं, तळमजल्यावरचं. मोठ्या रस्त्याच्या पलीकडे त्यांची गल्ली, अलीकडे आमचं घर. माझ्या गच्चीवरून त्यांच्या गल्लीचं तोंड दिसतं. एवढंच अंतर.

पण मधला रस्ता सिमेंटचा झाला. नागपूरकराला हे सांगायला नको, रस्ता वर जातो आणि घरं खाली राहतात. कडेला अशी उंच पायरी तयार होते, आणि ती पायरी आहे हे पायाला ठाऊक नसतं. विहीणबाई संध्याकाळी भाजी घेऊन येत होत्या. रस्ता संपला, पाय पुढे टाकला, आणि खाली जमीन जिथे असायला पाहिजे तिथे नव्हतीच. मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं. पण मनात जे बसलं ते निघेना. फाटकापर्यंत यायच्या आणि तिथेच थांबायच्या. कुणी हात धरला तरी रस्त्याच्या कडेशी आल्यावर हाताची पकड अशी घट्ट व्हायची की धरणाऱ्याच्या बोटांना मुंग्या यायच्या. आमच्याकडे यायचं तर ऑटो. ऑटोवाल्याला पत्ता सांगितला तेव्हा तो भला माणूस म्हणाला, “बाई, हे तं माझी गाडी वळायच्या आतच येऊन जाते.” तरी बसल्या. उतरल्यावर मला म्हणाल्या, “मले हसू नका, विहीणबाई.” मी हसले नाही. हसण्यासारखं होतं, पण नाही हसले.

रश्मीचं म्हणणं सरळ होतं. आई एकटी, आईला बाहेर पडता येत नाही, दूध नाही आणता येत, औषध नाही आणता येत. उन्हाळा संपेपर्यंत पाहायचं, नाही जमलं तर घर सोडायचं आणि आईला आपल्याकडे आणायचं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण विहीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या होत्या, “लेकीच्या घरी पाहुणी म्हणून आली की मले साखरेचा डबा विचारून घ्यावा लागते. माझ्या घरी मी अंधारातही काढते.” बस, एवढंच म्हणाल्या. मला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या घरात त्यांना कुणी काही कमी करणार नव्हतं. पण स्वतःच्या दाराची किल्ली कमरेला असणं आणि दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवणं, यात किती फरक असतो हे आमच्या वयाच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही.

तर असा तो मागचा उन्हाळा. मुलगा म्हणाला, दोघी जिममध्ये जा. दुपारी बायकांची वेळ असते, एसी असतो, मशीनवर पाय मोकळे होतील. मी नाक मुरडलं. मी पक्की रस्त्यावर चालणारी. थंडीच्या दिवसांत पहाटे मफलर गुंडाळून निघायचं, तोंडातून वाफ निघते ती पाहत चालायचं, कोणाच्या फोडणीचा वास, कोणाच्या शेकोटीचा धूर, कोणाच्या कंपाउंडबाहेर झुकलेली जास्वंद. पिशवी बरोबर असतेच. एकदा एका घरातले गृहस्थ बाहेर येऊन अगदी नम्रपणे म्हणाले होते, “काकू, एखादं झाडाले पण राहू द्या.” तेव्हापासून मी त्या झाडावर दोन फुलं सोडते. तर असं चालायचं सोडून एका जागी उभं राहून चालायचं, हे मला काही पटेना. पण भर उन्हाळ्यात रस्त्यावर चालणार कुठे? आणि मी गेले नाही तर विहीणबाई जाणार नव्हत्या.

पहिल्याच दिवशी कपड्यांवरून अडलं. जिममधली प्राची, तिथं शिकवणारी, चांगली दणकट बाई, म्हणाली, “आंटी, साडी नाही चालणार, पदर अटकते.” मी आपली सलवार-कुडत्यात होते. विहीणबाईंनी जन्मात साडीशिवाय दुसरं काही नेसलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रश्मीचा पंजाबी ड्रेस घातला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की न्यायला जावई येणार आहेत.

“जावयापुढे अशी येऊ मी?”

“मग काय करता?”

त्यांनी शाल पांघरली. उन्हाळ्यात, भर दुपारी, मानेपासून घोट्यापर्यंत लोकरीची शाल. माझा मुलगा गाडी चालवत होता, त्यानं आरशात पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “ताप आहे का मामी?” मी खिडकीबाहेर पाहत राहिले. माझे खांदे हलत होते. शालीखालून मला एक चिमटा बसला, चांगला.

जिममध्ये पाऊल ठेवलं की आधी तो गारवा. बाहेर डोळे मिटून यावं असं ऊन, आणि आत हिवाळा. मला तर वाटलं, बाकी काही नाही केलं तरी इथं बसायला यावं. मग ट्रेडमिल पाहिली. तिचा पट्टा आपल्या पायाखालून मागे पळतो आणि आपण पुढे चालत राहायचं. म्हणजे चालून कुठे जायचं नाही, फक्त मागे पडायचं नाही. एक लाल दोरी असते, तिची चिमटी कपड्याला लावायची. आपण घसरलो की दोरी सुटते आणि मशीन थांबते. मला ती दोरी भारी आवडली. मनात आलं, आयुष्यात किती वेळा अशी दोरी पाहिजे होती.

मी चढले, प्राचीनं हळू वेग लावला, आणि काय सांगू, मला नाद लागला. डोळ्यांपुढे आकडे पळतात, पायाखाली पट्टा पळतो, बाजूला गाणी. उतरल्यावर जमीनच पुढे सरकल्यासारखी वाटते, दोन पावलं झोकांड्या जातात. प्राची म्हणाली, “होते आंटी, सगळ्यांना होते.” मला तर ते झोकांडी जाणंसुद्धा आवडलं.

विहीणबाईंनी पट्ट्याकडे नुसतं पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. “जमीनच पळून राहिली ना हे,” म्हणाल्या. ज्या बाईच्या पायाखालची जमीन एकदा गायब झाली, तिला पळती जमीन दाखवून काय उपयोग.

मग प्राचीनं त्यांना दुसरीकडे नेलं. तिथे ती दुसरी मशीन होती, इलिप्टिकल. दोन पावठ्या आणि छातीपर्यंत येणाऱ्या दोन दांड्या. पावठ्यांवर पाय ठेवायचे, दांड्या धरायच्या, आणि उजवा पाय पुढे की डावी दांडी पुढे, अशी लांबट गोल फेरी. ताक घुसळावं तशी. दोन रव्या एकदम. “आंटी, इसमें पाय उचलायचाच नाही आहे. पाय आपल्या जागेवर. तुम्ही थांबलात की मशीन थांबली. ट्रेडमिल तुम्हाला पळवते, याले तुम्ही पळवता.”

“मी थांबली की थांबते?”

“लगेच.”

“मग ठीक आहे,” विहीणबाई म्हणाल्या, आणि शाल माझ्या हातात देऊन चढल्या. पहिल्यांदा मशीन उलटी फिरली. त्यांना वाटलं आपण मागे चाललो, आणि त्या घाबरल्या नाहीत, हसल्या. पडल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले.

रोज दुपारी आम्ही जायला लागलो. मी ट्रेडमिलवर, त्या बाजूच्या इलिप्टिकलवर. लवकरच मला एक गोष्ट कळली. ट्रेडमिलवर बोलता येत नाही. बोलायला मान वळवली की पाय वाकडा पडतो, लाल दोरी ओढली जाते, आणि प्राची धावत येते. इलिप्टिकलवर पाहिजे तेवढं बोला. म्हणून मी ट्रेडमिल सोडली आणि त्यांच्या शेजारच्या इलिप्टिकलवर गेले. खरं सांगायचं तर गुडघ्यासाठीही बरं झालं. ट्रेडमिलवर प्रत्येक पाऊल आपटतं, संध्याकाळी गुडघा त्याचा हिशेब मागतो. इथे पाऊल आपटतच नाही. पण मी गेले ते गप्पांसाठी, हे प्राचीला कळलंच होतं. “तुमची मशीन तोंडानं चालते,” असं ती मला एकदा म्हणालीच.

त्या मशीनवरही किती चाललो ते दिसतं. विहीणबाईंनी एकदा विचारलं, “एवढं चाललो तं मग पोचलो कुठी?” तिथून खेळ सुरू झाला. मी म्हटलं, आता आपल्या घरून निघालो, हे पाहा, चौक आला. त्या म्हणाल्या, उजवीकडून घ्या, तिथे सावली असते. असं करत आम्ही धरमपेठेत पोचलो. उभ्या जागी. वाटेतली सगळी दुकानं लागली, साडीच्या दुकानात मी वळत होते तर त्यांनी मला ओढून पुढे नेलं. मग ज्यूस प्यायचा म्हणून थांबलो, म्हणजे खरोखर पाय थांबवले आणि बाटलीतलं पाणी प्यायलो. पुढच्या मशीनवरची एक तरुण बाई कानातली बोंडं काढून आमचं ऐकत होती.

आणि एक दिवस विहीणबाई म्हणाल्या, “आज सक्करदऱ्याले जाऊ.” मला रस्ता नीट ठाऊक नव्हता. त्यांनीच नेलं. कुठे वळायचं, कुठे पूर्वी चिंचेचं झाड होतं, कुठे रश्मी लहानपणी सायकलवरून पडली. डोळे मिटलेले, हात आणि पाय पुढे-मागे चाललेले. तलाव आला. वाऱ्यानं पाण्याचा वास आला म्हणाल्या. त्या एसीच्या गारव्यात मलाही आला, शपथेवर सांगते. मग त्यांचे पाय हळू झाले. “फाटक उघडंच आहे,” म्हणाल्या. आणि मशीन थांबली. आम्ही दोघी बराच वेळ तशाच उभ्या होतो, दांड्या धरून.

त्यांच्या पायात जोर आला. दम वाढला, चेहरा उजळला. प्राची सगळ्यांना सांगायची, या आंटींकडे पाहा. मला वाटलं, जिंकलो. एक दिवस ऊन उतरल्यावर मी त्यांना जिममधून घरी पायी नेलं, मोठ्या तोऱ्यात. रस्त्याच्या कडेशी आलो. आणि त्या थांबल्या. तशाच, पहिल्यासारख्या. ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हात अधांतरी, काहीतरी धरायला शोधणारे.

“पाय तं चांगले झाले ना आता,” मी म्हटलं.

“पाय चांगले आहेत, विहीणबाई. रस्ता तोच आहे.”

मग मला उमगलं की त्या मशीननं त्यांना सगळं दिलं, पण जे नेमकं पाहिजे तेच तिच्याजवळ नव्हतं. तिथे पाय कधी हवेत जातच नाही. आणि चालणं म्हणजे काय, तर एक पाय उचलून क्षणभर कशावरच नसणं. आपण ते रोज करतो, आपल्याला ते कळत नाही. ज्याला कळलं तो अडकला. रश्मी त्या रात्री जेवताना म्हणाली, “महिना संपला की घरमालकाला सांगून टाकते.” विहीणबाईंनी मान खाली घातली आणि पोळीचा तुकडा मोडला. तो खाल्ला मात्र नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनीच कुरोड्या होत्या. मी गहू भिजवले होते ते काही मोठा बेत म्हणून नाही, दरवर्षी भिजवतो म्हणून. विहीणबाई म्हणाल्या, चीक मी माझ्या घरी शिजवीन. त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. त्या घरातला शेवटचा चीक. मी नाही म्हटलं नाही. पण त्यांच्या इमारतीवर कुरोड्या घालायला जागा नाही, वर सगळ्या सोलरच्या पाट्या. म्हणून ठरलं असं की शिजवायचं त्यांच्याकडे, घालायच्या आमच्या गच्चीवर, आणि माझा मुलगा गाडीतून चिकाचा गंज, म्हणजे ते उभट पातेलं, घेऊन येईल. नेमकं त्याच पहाटे त्याला कामासाठी बाहेरगावी निघावं लागलं. गाडी गेली.

मी अंधार असतानाच त्यांच्याकडे गेले. दोन घाणे करायचे होते. पहिला शिजला, मी गंज उचलला आणि निघाले. “दुसरा झाला की फोन करा, रश्मीला पाठवते,” म्हणून सांगितलं. गच्चीवर रश्मी खाटेवर जुनं धोतर अंथरून तयार होती. चीक एकदा उतरवला की तो कुणाची वाट पाहत नाही. थंड झाला की घट्ट होतो, सोऱ्यातून निघत नाही, हाताची बोटं दुखतात आणि कुरोडी तुटते. आम्ही दोघी भराभर घालत होतो. पूर्वेला तांबडं फुटत होतं. कावळे जमायला लागले होते. फोन खाली स्वयंपाकघरात राहिला होता, आणि तो वाजत होता हे आम्हाला नंतर कळलं.

रश्मी उठून कठड्याशी गेली, कावळा हाकलायला. आणि तशीच उभी राहिली. मी वळून पाहिलं तर तिचं तोंड उघडलेलं, आता हाक मारणार. मी उठून खाली पाहिलं आणि चिकानं भरलेला हात सरळ तिच्या तोंडावर ठेवला.

खाली रस्त्यावर विहीणबाई होत्या. साडी नेसलेल्या, पदर खोचलेला. दोन्ही हातांत फडक्यानं धरलेला गंज, वर ताटली झाकलेली. त्या रस्त्याच्या मधोमध आल्या होत्या. एक दूधवाला सायकलवरून आला, त्याला त्यांनी मानेनं जा म्हणून सांगितलं. कडेशी आल्या. गंजाच्या आडून त्यांना खालचं दिसत नव्हतं. पाऊल पुढे गेलं, टोकाशी थांबलं, कड चाचपली, खाली उतरलं. मग दुसरं. चाल मोडली नाही, ताटली वाजली नाही. इकडे रश्मीच्या तोंडावर माझा हात, तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या बोटांवरच्या चिकावर.

जिना चढून वर आल्या त्या रागातच. “फोन काहून उचलत नाही तुम्ही? चीक थंड होऊन राहिला अन् दोघी कठड्यावर उभ्या राहून काय पाहून राहिल्या?” मग लेकीकडे पाहिलं. “अन् हिच्या तोंडाले काय झालं?”

रश्मीनं तोंड पुसलं. सोऱ्या भरला, कुरोड्या घातल्या. गंजाच्या तळाशी उरलेला चीक दूध-साखर घालून वाट्यांत घेतला. पहिला चमचा तोंडात गेल्यावर रश्मीच्यानं राहवलं नाही.

“आई, तू आली कशी?”

“कशी म्हणजे? चीक घेऊन.”

आणि मग त्यांचा चमचा थांबला. उठल्या, कठड्याशी गेल्या, रस्त्याकडे पाहिलं. एवढा वेळ पाहिलं की वाटीतला चीक घट्ट झाला. “हो वं बाई,” एवढंच म्हणाल्या.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं, पण दुपार व्हायच्या आत परत जायला निघाल्या तेव्हा कडेशी पुन्हा थांबल्या. हात पुन्हा अधांतरी. मी फाटकात उभी. रश्मी माझ्याकडे पाहते, मी तिच्याकडे. आणि माझं लक्ष त्यांच्या त्या हातांकडे गेलं. माझी आई डोळ्यांपुढे आली. तिला मी उभ्या जन्मात रिकाम्या हातानं चालताना पाहिलं नाही. डोक्यावर काही, कडेवर काही, हातात काही. विहीणबाई तरी कधी चालल्या होत्या रिकाम्या? पाण्याची बादली, पोर, पिशवी, डबा. आम्ही बाया चालतो ते काहीतरी पोचवायला. पडल्यावर सगळ्यांनी त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं. काही उचलू नका, हात मोकळे ठेवा. मशीनवर दांड्या होत्या म्हणून चाललं. मी धावत आत गेले, घासलेला गंज उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“तुमचा गंज राहिला.”

त्यांनी तो कमरेशी धरला आणि रस्ता ओलांडून गेल्या.

रश्मीनं घरमालकाला काही फोन केला नाही.

पुढे काय झालं म्हणून सांगू. रोज सकाळी विहीणबाई रिकामा गंज घेऊन चालायला लागल्या. लोक विचारायचे, “काकू, काय घेऊन राहिल्या?” त्या झाकण न उचलता म्हणायच्या, “तुमच्यासाठी नाही आहे.” आमच्या गल्लीतल्या एका बाईची समजूत अजूनही अशी आहे की त्या कुठे तरी रोज प्रसाद देऊन येतात. प्राचीला सांगितलं तर ती म्हणाली, “आंटी, याले वेट ट्रेनिंग म्हणतात.” पावसाळ्यात गंजाची जागा छत्रीनं घेतली. थंडीत माझ्याबरोबर निघायच्या तेव्हा माझी फुलांची पिशवी त्यांच्याकडे असायची, आणि जिथे मी दोन फुलं सोडते त्या झाडावर त्या चारही सोडायच्या. नंतर नंतर हातात फक्त किल्ली असायची, मुठीत घट्ट. पण काहीतरी असायचंच. आणि बरोबर मी असायचेच. हिवाळ्यात, पावसाळ्यात, एकदाही मी त्यांना एकटीनं तो रस्ता ओलांडताना पाहिलं नाही, त्या एका दिवसाशिवाय.

जिम आम्ही सोडली नाही. परवाच नवतपा लागल्याबरोबर पुन्हा गेलो, त्याच दोन मशीन, धरमपेठेपर्यंत जाऊन आलो. बाहेर ऊन पेटलेलं असताना उभ्या उभ्या हिंडून यायला काय हरकत आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी ट्रेडमिलवर जावं. आम्हाला गप्पा आहेत.

काल दुपारी इथवर लिहिलं आणि उठले. रात्री झोप अशी आलीच नाही. पहाटे गच्चीवर जाऊन उभी राहिले, कुरोड्यांची जागा झाडते आहे असं दाखवत. रश्मी आली आणि झाडू न घेताच उभी राहिली, म्हणजे ती माझ्याइतकीही दाखवत नव्हती. गार वारा होता, नवतपात पहाटेला जेवढा असतो तेवढा.

विहीणबाई गल्लीतून बाहेर आल्या. या वेळी चीक आमच्याकडेच शिजणार म्हणून बरोबर काही आणायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी त्यांच्या हातांकडेच पाहत होते. किल्ली कमरेला खोचलेली होती. दोन्ही हात बाजूला, पावलांबरोबर पुढे-मागे हलत होते, मशीनवर हलतात तसे, पण दांड्या नव्हत्या. रस्ता ओलांडला. कडेशी थांबल्या. रश्मीनं माझा दंड धरला. त्यांनी खाली पाहिलं, पायानं कड चाचपली, आणि उतरल्या.

मी खाली धावले. दार उघडलं तेव्हा मला सुचलं ते हेच.

“विहीणबाई, गंज नाही आणला?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढली.

“काहून? तुमच्या घरी भांडे नाहीत?” म्हणाल्या, आणि पदर खोचत माझ्या आधी स्वयंपाकघरात शिरल्या.